पानांची दुलई

४ मार्च
स्मशानातलं लेकीचं सगळं आटोपून दुपारी घरी आलो. कुलूप उघडलं. पायरीवर तिचे चिखलाचे बूट, रानातून कुणी तरी आणून ठेवलेले.
डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात!
पाच-सहा वर्षांच्या पोरांना ती रानात शिकवायची. छप्पर नाही, फळा नाही. मी तिला चिखलाची मास्तरीण म्हणायचो. “आणि तुम्ही खुर्चीचे मास्तर, बाबा!” – हे तिचं ठरलेलं उत्तर.

५ मार्च
तिच्या मदतनीस बाई, पोरांच्या मावशी, येऊन गेल्या. पायात साध्या चपला, त्याही ओल्या. त्या दिवशी त्या रानाच्या फाटकापाशी पाणी भरायला गेल्या होत्या. लेक आणि पोरं ओढ्याकाठी. “परत आले तर ताई पानांत...”
गळ्यापर्यंत वाळकी पानं! पोरं भोवती गोल करून बसलेली. गप्प.
पोरांनी पुरली तिला?
मी बाईंना बसासुद्धा म्हटलं नाही. “एकटीला टाकून गेलात,” एवढंच म्हटलं. त्या खाली मान घालून निघून गेल्या.

७ मार्च
डोळे मिटले की पानं.

८ मार्च
पालक आले होते. रानातला वर्ग बंद करायचा का? उद्या ठरणार. “तुम्ही म्हणाल तसं, काका.”
बंद करा, म्हटलं. आणि त्या बाईंनाही काढा! आवाज इतका चढला की माझा मीच दचकलो.
सगळे गेले. एक आई मागे राहिली, बरोबर तिची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले.
“ताईचे बूट!” मग माझ्याकडे वळून – “आजोबा, आम्ही दुलई दुलई खेळत होतो.”
म्हणजे काय, विचारलं.
“एकाने झोपायचं. बाकीच्यांनी पानं घालायची. तोंड नाही झाकायचं हं! हलला की आऊट.”
आई तिला ओढत होती. पोरगी जाता जाता म्हणाली, “ताई हललीच नाही. ताई जिंकली!”
मी तिथेच पायरीवर बसलो.

९ मार्च
सकाळी त्याच आईचा फोन. पोरीने आणखी सांगितलं म्हणे. ताई स्वतः कधी झोपायची नाही, पाळी नेहमी मुलांची. त्या दिवशी मात्र ती झाडाला धरून खाली बसली. घामाघूम. म्हणाली, “आज माझी पाळी. आणि मावशी येईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही हं. उठला तो आऊट!”
शेजारी ओढा. पोरं एवढीएवढी.
आपल्याला काय होतंय ते तिला कळलं होतं!
पालकांना फोन केला – वर्ग चालू ठेवा. बाईंनाही ठेवा.
दुपारी बूट घासून धुतले. आत कागद कोंबून सावलीत ठेवले. बाईंना बहुतेक होतील.