डॉक्टरला कंबर सांगायची नाही

३ मार्च, सोमवार
वार्षिक मेडिकल. साइटवरच्या डॉक्टरने दंडाला पट्टा गुंडाळून बीपी काढलं. १६८/१०४. मशीन जुनं झालंय, तसं त्याला सांगितलं. त्याने दुसऱ्या मशीनवर काढलं. तेही जुनंच निघालं.

दोन आठवड्यांची मुदत मिळाली. तोवर बीपी १४०/९० च्या आत आलं नाही तर टॉवर क्रेनवरून खाली, स्टोअरमध्ये. नटबोल्ट मोजून द्यायला. मी! ज्याने काचेची अख्खी भिंत चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवली आणि एक चरा पडू दिला नाही, तो मी.

कुठे काही दुखतंय का, असं डॉक्टरने विचारलं. म्हटलं, छे. तीन वर्षं कंबर ठणकतेय हे त्याला कशाला सांगायचं? कंबर सांगितली की आजच खाली उतरवतील. बीपीचं काय, ते उतरवता येतं.

संकल्प: मीठ बंद. राग बंद.

४ मार्च, मंगळवार
मीठ बंद. जेवण इतकं बेचव की बायकोवर ओरडलो. राग उद्यापासून बंद.

सकाळी बायकोने मोजे चढवले, बुटाच्या नाड्या बांधल्या. रोजच बांधते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एवढा जीव लावते. कंबरेचं तिला अर्थात काहीच माहीत नाही.

६ मार्च, गुरुवार
घरी बीपीचं मशीन आणलं. पहिला आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा काढला. तो त्याहून वाईट. मग आणखी एकदा. शेवटी बायकोने पट्टा ओढून काढला आणि म्हणाली, जेवायला बसा, नाहीतर माझं वाढेल.

७ मार्च, शुक्रवार
मेडिकलवाल्याकडे नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायला गेलो. कोणासाठी घेता, असं आज त्याने विचारलं. म्हटलं, एका नातेवाइकासाठी. तो म्हणाला, नातेवाइकाला सांगा, या गोळ्या रोज खाल्ल्या की बीपी वाढू शकतं, डॉक्टरला दाखवा म्हणावं.

चोर सापडला! म्हणजे माझ्यात दोष काहीच नाही, सगळा गोळ्यांचा प्रताप. गोळ्या आजपासून बंद. हलकं वाटतंय.

८ मार्च, शनिवार
दुखतंय.

क्रेनची शिडी चढताना अर्ध्यावर थांबलो. खालून सिग्नलवाल्याने वॉकीटॉकीवर विचारलं, काय झालं. त्याला सगळे शिट्टी म्हणतात. मी सांगितलं, हवा बघतोय. घरी आल्यावर बीपी १७६/११०. गोळ्या बंद करूनही! मेडिकलवाल्याला काडीची अक्कल नाही.

९ मार्च, रविवार
रविवार मनःशांतीसाठी. मांडी घालून, डोळे मिटून बसलो. शांती आली. मग उठायला गेलो तर उठता येईना. बायकोने पुढून ओढलं, शेजाऱ्यांनी मागून लोटलं. शेजाऱ्यांना सांगितलं, समाधी जरा खोल लागली होती. ते बिचारे हो म्हणाले.

१० मार्च, सोमवार
शोध लागला! केबिनमध्ये डावा पाय पुढे ताणून जोरात दाबून धरला की कंबर थोडी सुटते. शिवाय वर मी एकटा. कण्हायला कोणाची परवानगी नको. दिवसभर मनसोक्त कण्हलो. आई गं म्हटलं. डॉक्टरला शिव्या दिल्या. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरलाही दिल्या. त्याचं नाव आम्ही ‘जावई’ ठेवलंय, कारण केबिनमध्ये येतो तोच पाय पसरून, मानपानाला बसल्यासारखा. माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे.

आता बीपी नक्की उतरणार.

११ मार्च, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत शिट्टीने बाजूला घेतलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, दादा, काल दिवसभर तुमचा पाय बोलायच्या पेडलवर होता, तुमचा वॉकीटॉकी चालूच राहिला. मी म्हटलं, ते पेडल कुठे असतं हे मला तू शिकवणार?

मग आठवलं. ते डाव्या पायापुढेच असतं.

म्हणजे काल दिवसभर सगळ्या साइटने ऐकलं. फिटर, सुतार, काँक्रीटवाले, सगळ्यांच्या वॉकीटॉकीवर. डॉक्टरच्या टेबलावरही एक असतो. आणि एकही माणूस काही बोलला नाही. शिट्टी म्हणाला, कोणी हसलंही नाही हो दादा, सांगून टाका डॉक्टरला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी म्हटलं, गाणं गुणगुणत होतो. तो म्हणाला, बरं.

१३ मार्च, गुरुवार
भीती वाटते. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

वर असलो की खाली शंभर माणसं मान वर करून माझी वाट बघतात. मी हलवल्याशिवाय काही हलत नाही. जमिनीवर आलो की मी कोण? भाजीच्या पिशव्या बायकोच्या हातात देऊन मागून वाकडा चालणारा माणूस. तेवढाच उरलो तर काय करू?

गोळ्या पुन्हा सुरू. दोन-दोन. दुखायचं थांबत नाही आणि बीपी हटत नाही. आता मीठ, राग, गोळ्या सगळंच चालू आहे.

१७ मार्च, सोमवार
१७२/१०८.

डॉक्टरने टेबलावरचा वॉकीटॉकी बंद केला, दार लावलं, खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, दुखणं सतत असलं की शरीराला वाटतं संकट आलंय. काळीज पळायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात. दुखणं हटत नाही तोवर शरीर सैल पडत नाही, आणि माणसाला वाटतं हा बीपीचा आजार. दुखण्यानेच हे झालं असेल तर आधी दुखण्यावर उपचार करू. दोन-तीन महिने खाली राहा, मग मीच तुम्हाला वर पाठवतो. पण कारणच कळलं नाही तर कशाच्या भरवशावर पाठवू?

मग हळूच विचारलं, कुठे दुखतंय का.

मला सगळं समजलं. सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात दाराच्या काचेतून जावई दिसला. केबिनमधली माझी उशी काखेत धरून उभा होता, मला परत द्यायला आणली होती. आत्ताच!

म्हटलं, काहीही दुखत नाही. त्या दिवशी ऐकलंत ते गाणं होतं.

डॉक्टरने मला स्टोअरमध्ये पाठवायचा कागद पुढे ओढला. मग त्याने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. पण माझ्या तोंडून काढून घेणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, हे इथे नमूद करतो.

१८ मार्च, मंगळवार
स्टोअरचा पहिला दिवस. बोल्टची पेटी सगळ्यात खालच्या फळीवर. वाकलो.

घरी टेम्पोतून आलो. आडवा, प्लायवूडवर.

२१ मार्च, शुक्रवार
चार दिवस जमिनीवर सतरंजीवर पडून आहे. आज बायकोला सांगून टाकलं की कंबर दुखते. ती म्हणाली, तीन वर्षं नाड्या कशाला बांधतेय मग? पुढे विचारलं, खूप दुखते का हो. मी खूप म्हणालो आणि रडायलाच लागलो. थांबेचना. तिने गरम पाण्याची पिशवी आणून कंबरेखाली सरकवली. कितीतरी दिवसांनी ठणका थोडा कमी झाला.

संध्याकाळी तिने बीपी काढलं. १३४/८४. मी पुन्हा काढायला लावलं. १३२/८४!

मुदतीला चार दिवस उशीर झाला, पण उतरवून दाखवलं की नाही? आता हा आकडा डॉक्टरसमोर ठेवायचा, कंबरेचंही सांगून टाकायचं आणि खुर्ची परत मागायची. उद्या सकाळीच जातो.

बायको विचारते, कसे जाणार. सोपं आहे. आधी कुशीवर वळायचं, मग उठून बसायचं. दुपारपासून कुशीवर वळायचा प्रयत्न चालू आहे.