नवरंगाचं घरटं

अंबरनाथ,
९ जुलै २०२५

चि. पायल,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. मामीचा गुडघा आता बरा आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर.

मी अजून रागात आहे. रविवारी तू बारवीच्या रानात तीन फोटोवाले आणलेस आणि नवरंग पक्ष्याच्या घरट्यापासून दहा पावलांवर स्पीकर ठेवून तासभर त्याचीच शीळ वाजवलीस. विणीच्या दिवसांत रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, हा आपल्या पक्षीनिरीक्षण ग्रुपचा पहिला नियम. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून तो बिचारा अंडी सोडून भांडायला धावत राहतो. हे तुला पाठ होतं गं! तरी वाजवलंस, आणि वर त्यांना सांगत होतीस, "मस्त रिस्पॉन्स देतोय"?

सोमवारी भिकीचा फोन आला, तेव्हाच हे सगळं मला कळलं. घरटं तिच्या वाडीमागेच. लाकडाला जाता-येता ती लांबून नजर ठेवायची. म्हणाली, "भाऊ, त्या लांब शेपटीच्या टकाचोरानं अंडी खाल्ली. पाखरू येडं झालेलं, घरट्यात बसतच नव्हतं."

मी लगेच ग्रुपवर सगळ्यांदेखत तुझं नाव घेऊन वाट्टेल ते लिहिलं आणि तुला काढून टाकलं. त्यावर तुझी एकच ओळ आली, फक्त मला. "मामा, रेकॉर्डिंग तुमचंच आहे."

ते अभ्यासासाठी केलं होतं, असं मी तुला उलट खडसावलं. केलंही होतं. पण तुझ्या आदल्याच दिवशी, शनिवारी, फॅक्टरीतले माझे जुने मित्र शंकरराव आले होते. त्यांना त्याच घरट्यापाशी घेऊन गेलो. पक्षी दिसेना, ते घड्याळ बघायला लागले. मी मोबाइल काढला. दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणत वीस मिनिटं वाजवलं. नवरंग अगदी पुढ्यात येऊन ओरडायला लागला. शंकरराव म्हणाले, "मानलं तुला, विकास!" आणि मला बरं वाटलं, पायल.

अंडी तुझ्यामुळे गेली की माझ्यामुळे, कोण सांगणार? काल भिकीला जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मोळी डोक्यावर घेतली. "मंग पोरीलाच कशाला बोललास? तूबी येऊ नको आता."

आज ग्रुपवर माझंही नाव लिहिलं आणि ग्रुप सोडला. रेकॉर्डिंग पुसलं. तुझ्याकडचंही आजच पूस, हे मामा म्हणून बजावतोय.

आत्ताच आलो तर माझा आवाज पुन्हा चढेल. रविवारी येईन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी जिन्यात बसेन.

तुझ्यावर रागावलेला आणि तुझ्यापुढे मान खाली घातलेला,
विकासमामा