कामठी लाइनची वसुली

सीताबर्डी, नागपूर
२० मे १९७५

तीर्थस्वरूप मामाजींना, आणि आत चुलीपाशी बसून हे पत्र ऐकत असलेल्या मामीजींना (मामाजी पत्र नेहमी मोठ्याने वाचतात, म्हणून जपून लिहितो आहे), ताराचंदचा हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या वेळी धंतोलीच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावण्याऐवजी खाटेच्या कुरकुरणाऱ्या पायाला लावलंत, असं मामीजींकडून कळलं. खाट आता बरी असेल. इकडे ऊन असं आहे की दुपारी बर्डीवर कुत्रंही दिसत नाही, आणि जो दिसतो तो माणूस वसुलीवर निघालेला असतो. त्यात एक मी.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: काम कसं आहे, पगार किती आहे, आणि पुढे काही आशा आहे का. नत्थू मॅट्रिक झाला, तेव्हा त्याला आमच्या कंपनीत चिकटवावं, हा त्यामागचा तुमचा विचार मी ओळखला. तर क्रमाने सांगतो. (क्रम शेवटपर्यंत टिकेल असं वचन देत नाही.)

आमची 'शुभमुहूर्त हायर पर्चेस' ही कंपनी लोकांना हप्त्याने वस्तू देते. जी वस्तू माणसाला आज पाहिजे आणि जिचे पैसे त्याच्याकडे पुढच्या वर्षी येणार आहेत, ती आमच्याकडे मिळते. मालक दत्तोपंत फार गोड माणूस आहे. त्यांनी आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नाही. हो म्हटल्याचंही कोणाला आठवत नाही. ते 'पाहू' म्हणतात, आणि खरोखर पाहतात, म्हणजे तुमच्याकडे पाहत राहतात, शेवटी तुम्हालाच कसंतरी होतं आणि तुम्ही उठता. ऑफिसात एक कूलर आहे आणि कंपनीतली सगळी बढती त्या कूलरवरून मोजतात. पगार वाढत नाही, खुर्ची सरकते. मी लागलो तेव्हा दारापाशी होतो, तिथे ऊन थेट पाठीवर यायचं. आता टायपिस्टच्या मागे आलो आहे, इथे कूलरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, हवा अजून पोचत नाही. आमचे हिशेबनीस केस पांढरे करून अगदी कूलरसमोर पोचले. त्यांना सगळे सीनियर मॅनेजर म्हणतात, आणि टाकीत बादलीने पाणी ओतायचं कामही त्यांच्याचकडे आहे. हिवाळ्यात सगळे सारखे होतात, त्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे भांडणं कमी होतात.

पगाराचं म्हणाल तर कागदावर पावणेदोनशे आहे. पण कंपनी हप्त्याची असल्यामुळे पगारही हप्त्याने होतो. थोडा पहिल्या आठवड्यात, थोडा अडचण सांगितली तर मधे, आणि उरलेला जो मागेल त्याला. हे मागणं आम्हाला कोणालाच जमत नाही. आपण समोर उभं राहिलो की दत्तोपंत आधी चहा सांगतात. मग घरचं विचारतात. माझ्या आईच्या दम्याची त्यांनी इतकी मनापासून चौकशी केली, की मी डोळे पुसत बाहेर आलो आणि पानठेल्यावर गेल्यावर मला आठवलं की पगाराचं बोलायचं राहूनच गेलं. असे आम्ही सगळे आहोत. दिवसभर दुनियेजवळ हप्ते मागतो आणि स्वतःचा मागायला गेलो की चहा पिऊन येतो. पर्मनंट कोणीच नाही. हिशेबनीससुद्धा अजून 'तात्पुरते' आहेत, आणि त्यांच्या मुलीची मुलगी शाळेत जायला लागली.

आता आशेचं. मामाजी, तुम्ही शिवरात्रीच्या सुमारास कामठीच्या दादाजींकडे माझी गोष्ट काढलीत. त्यांची मुलगी उत्तरा मी तेव्हा एकदाच पाहिली, तीही पोह्यांची बशी ठेवून परत जाताना, पण तेवढ्याने माझं काय झालं ते या पत्रात लिहीत नाही (मामीजी ऐकत आहेत). दादाजी तेव्हा म्हणाले होते की पोरगा चांगला आहे, पण नोकरी पर्मनंट होऊ द्या, मग बोलू. तुम्ही त्यावर मान डोलावलीत आणि खाप्याला निघून गेलात. मान डोलवायला तुमचं काय जातं. मी मात्र दुसऱ्याच दिवशी हिय्या करून दत्तोपंतांकडे गेलो आणि चहा यायच्या आत बोलून टाकलं. ते म्हणाले, पाहू. मग बराच वेळ पाहून म्हणाले की कामठी लाइनची वसुली फार मागे पडली आहे, ती वर आणलीस तर पर्मनंटचं नक्की पाहू. मी आनंदाने कामठीची यादी हातात घेतली. यादीत पहिलं नाव दादाजींचं होतं.

म्हणजे पाहा, त्यांचं छावणीजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे, त्यातल्या पाच सायकली आमच्याच कंपनीच्या, आणि हप्ते थकलेले. दादाजी पोरगी देणार मी पर्मनंट झालो तर. मी पर्मनंट होणार दादाजींनी हप्ते दिले तर. आणि होणाऱ्या सासऱ्याजवळ हप्ता मागायचा कसा, हे ना तुम्ही मला शिकवलं ना शाळेत शिकवलं. दत्तोपंतांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आईच्या दम्याची चौकशी केली असती.

पहिल्यांदा गेलो तर मला दारात पाहताच दादाजींनी आत आवाज दिला, "पाहुणे आले वं!" झालं. मी कंपनीची बॅग पाठीमागे लपवली. पाय धुवायला पाणी आलं, पाट आला, आमरस आला, कुरड्या आल्या, पाटोडीची भाजी आली. दादाजी स्वतः वाढायला बसले. आता ज्याच्या वाटीतला रस आपण चौथ्यांदा संपवतो आहोत, त्याला 'तुमचे हप्ते' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ते तोंड रसाने भरलेलं होतं. निघताना त्यांनी रीतीप्रमाणे माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि हातात नारळ दिला. मी तसाच ऑफिसात शिरलो. दत्तोपंतांनी चष्मा वर करून विचारलं की हा दुपट्टा कोणत्या खात्यावर जमा करायचा. नारळ त्यांनी शुक्रवारी लक्ष्मीपुढे फोडला आणि सगळ्यांना प्रसाद वाटला, एवढीच त्या महिन्याची कामठीची वसुली.

पहिल्या खेपेला जेवून न जाता भर दुपारी जाऊन चुकलो होतो, म्हणून दुसऱ्या खेपेला खाणावळीत पोटभर जेवून गेलो. दादाजी म्हणाले, जेवून आले म्हणजे आमच्या घरचं आवडलं नाही वाटते. मग दुसऱ्यांदा जेवलो. परत येताना बसमध्ये माझी अवस्था अशी होती की कंडक्टरने स्वतःची जागा मला दिली. दुपट्टा, नारळ. ऑफिसात टायपिस्ट मला जावईबापू म्हणायला लागला, आणि दत्तोपंतांनी माझी खुर्ची पुन्हा दाराकडे ढकलवली. मामाजी, खरं सांगतो, त्या रात्री मी ठरवलं होतं की नोकरी गेली तरी चालेल पण पुन्हा कामठीला जायचं नाही. आणि लगेच वाटलं, की मग उत्तरा पुन्हा दिसायची नाही.

गेलो तिसऱ्यांदा. दादाजी पंक्चर काढत होते, म्हणाले बसा, हात धुऊन आलो. उत्तरा पाण्याचा गडवा घेऊन आली. मी पाणी प्यायलो तरी ती उभीच. मग हळूच, आतल्या दाराकडे लक्ष ठेवून, म्हणाली, "मागत काहून नाही जी? बाबाले माहीत आहे तुम्ही कायले येता ते. ते पाहून राहिले, तुम्ही मागता का नाही." मी म्हटलं, त्यांना वाईट वाटेल. तेव्हा ती म्हणाली, "आज सासऱ्याले मागायले लाजता, अन् मालकाले तर आधीच लाजता. मंग मी आल्यावर घरात काही पाहिजे असलं, तर ते कोणाले मागू?" आणि गडवा घेऊन आत गेली.

मामाजी, मला आजवर कोणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि इतकं खरंही. तिने 'सासऱ्याले' म्हटलं हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं, आणि शिरल्यावर माझे कान गरम झाले. दादाजी हात पुसत आले, पाट मांडायला सांगू लागले. मी बसलोच नाही. बॅग पुढे घेतली आणि एका दमात म्हटलं, "दादाजी, जेवण मंग. तुमचे चार हप्ते राहिले." मग मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. दादाजी आत गेले, पैसे आणले, माझ्या हातावर ठेवले, पावती घेतली, ती उलटसुलट पाहिली आणि पुन्हा पंक्चर काढायला बसले. ना रस, ना दुपट्टा, ना नारळ. मी रिकाम्या खांद्याने बस स्टँडवर आलो. बसमध्ये मला रडू आलं, सांगायला लाज कशाला. वसुली झाली होती आणि सासर गेलं होतं.

त्याच तिरमिरीत ऑफिसात आलो, पैसे टेबलावर ठेवले, आणि आता गमवायला काहीच उरलं नाही म्हणून चहाचा कप बाजूला सारून दत्तोपंतांजवळ पर्मनंटचं पत्र आणि पंचवीस रुपये वाढ मागितली. ते पाहू म्हणाले. मी म्हटलं, पाहा, मी बसतो. ते पाहत राहिले, मीही पाहत राहिलो. मालकांकडे कोणी उलट पाहत राहतं, असं कंपनीत आजवर झालं नव्हतं. शेवटी त्यांनी पत्र दिलं. वाढ दोन हप्त्यांत देणार आहेत. खुर्ची कुठे ठेवायची यावर मी बोललो नाही, एका दिवसात तेवढं पुरे.

तर नत्थूचं तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर त्याला शेतीकडेच लक्ष घालू द्या. बाबा गेल्यापासून तुम्ही माझं सगळं पाहिलंत, त्यामुळे तुम्हाला काय चाललं आहे ते मोकळेपणाने कळवावं एवढाच या पत्राचा हेतू. तुमच्याकडे मागण्यासारखं माझं काहीएक नाही. आईचा तुम्हा दोघांना आशीर्वाद, नत्थूच्या पाठीवर माझी एक थाप, आणि तुमच्या पायांशी (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) माझं डोकं.

तुमचा भाचा,
ताराचंद (पर्मनंट)

ता. क. : पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं, म्हणून पत्र घरीच पडून होतं, तेवढ्यात काल दादाजी स्वतः ऑफिसात आले. पुढचा हप्ता मुदतीच्या आधी घेऊन आले. दत्तोपंतांनी त्यांना कूलरसमोर बसवलं. दादाजी म्हणाले, "पोरगा धीट निघाला. मले वाटलं होतं नुसता जेवूनच जाते." पोरगी देणार असं चार माणसांसमोर म्हणाले. मी टायपिस्टच्या मागे उभा राहून ऐकलं.

दुसरा ता. क. : पण मग दत्तोपंतांनी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की हप्ते थकणं काही लाजेची गोष्ट नाही, या पोराच्या सख्ख्या मामाचे, खाप्याच्या बाबारावांचे, रेडिओचे पाच हप्ते राहिले आहेत. दादाजी कूलरसमोरून उठले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की मागणी घालायला मामाच येणार ना, मग ज्याच्या मामाचेच हप्ते थकतात त्याच्या घरी पोरगी द्यायची का, याचा विचार करावा लागेल. मी घाबरून सांगून टाकलं की मामाजी येत्या रविवारी सगळे पैसे एकरकमी देणार आहेत.

तिसरा ता. क. : रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी खाप्याला पोचतो. सोबत दादाजी आहेत. मी तुम्हाला मागतो की नाही, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं आहे. मामाजी, मी मागणार आहे. पैसे तयार ठेवा, आणि पावती हातात पडली की तिथल्या तिथे तुम्ही त्यांच्याकडे माझ्यासाठी उत्तराचा हात मागा.