राखणदाराच्या नावाचा कोंबडा

६ फेब्रुवारी १९५५, रविवार. बोरिवली

वही आणून महिना उलटला. रोज उद्या, उद्या! मधे पेन्सिल हरवली, ती शोधताना जुना पतंग सापडला, मग पतंगच. असा मी. शाळा अशीच सुटली, कुर्ल्याच्या कारखान्यातली उमेदवारीही.

आता कोंबड्या. सहदेवदादा बोटीवर खलाशी, गणपतीपासून त्याचं पत्र नाही. शेवंतीवहिनी बिस्किटांच्या कारखान्यात जाते. काल जाताना म्हणाली, "लवू, काम मिळासर कोंबडी तरी बघ. तितक्या तरी जमात मां?"

परसात खुराडं. सहा कोंबड्या, एक तांबडा कोंबडा. त्याच्या पायात काळा दोरा. तो गावच्या राखणदार देवाच्या नावाचा, दादा निघताना वहिनीने बोललेला नवस — दादा सुखरूप आला की गावी नेऊन द्यायचा. तोवर विकायचा नाही, कापायचा नाही, परक्याच्या दारात न्यायचा नाही. सकाळचा पहिला घास त्याला. माझ्या आधी!

८ फेब्रुवारी

ठिपक्यांची कोंबडी जागची उठेना, अंडं देईना. नुसती फुगून बसलेली. हात लावला की चोच! आजारी असेल म्हणून एरंडेल पाजलं. वहिनीने ऐकलं नि पदर तोंडात धरून हसली. "खुडूक झाली रे ती! तिका अंडी उबवूची हत. तुझा एरंडेल तूच पी!"

पत्र बंद झाल्यापासून पहिल्यांदा हसली. माझ्या मूर्खपणाचा तेवढा तरी उपयोग.

१० फेब्रुवारी

ब्राह्मण आळीत अंडी पोचवली. पद्मजाबाई मागच्या दाराने घेतात, पदराखाली. मुलाला डॉक्टरांनी सांगितलीत.

"वास नाही ना रे येत?"

"अंड्याला कसला वास, बाई?"

"अंड्याला नाही. तुला!"

दिवसभर स्वतःला हुंगतोय.

परतताना मधुकर भेटला. गोरेगावला एका स्टुडिओत सामान उचलतो. "यार, उद्या खेड्याचा सीन आहे. तांबडा कोंबडा हवाय. घेऊन ये, तुलाही गर्दीत उभा करतो."

वहिनीला बोललो नाही. ती यायच्या आत परत आणतो. फोटोच तर काढायचाय त्याचा!

११ फेब्रुवारी

वाट लागली.

१३ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस पेन्सिल धरवेना. आता लिहितो.

कोंबडा झकास उभा राहिला. मीही — फेटा बांधून, मागच्या रांगेत. सीन संपला. शेजारच्या शेडमध्ये नाच चालला होता. कोंबडा खांबाला बांधला आणि जरा बघायला गेलो. जराच! पण पाय निघेनात. तेवढ्यात जेवणाची हाक आली, तसाच पंगतीत बसलो. रस्सा तिखट, भाकरी गरम. मधुकर म्हणाला, "चाप रे, फुकट आहे." पुन्हा मागून घेतला.

हात धुवायला मोरीकडे गेलो. तिथे तांबडी पिसं. तोडलेला पाय. पायात काळा दोरा.

आचारी म्हणाला, "कंपनीचा नव्हता होय? आम्हाला काय ठाऊक! सीन झाला की कापायचा, रोजचंच आहे."

वहिनीने देवासाठी राखलेला. मी मागून घेऊन खाल्ला. बोटं चाटून खाल्ला.

येताना बाजारातून तसाच तांबडा आणला. तोच दोरा धुऊन त्याच्या पायात बांधला. वहिनी आली, खुराड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मग चूल पेटवायला आत गेली. सुटलो!

१६ फेब्रुवारी

सुटलो कसला! नवा आरवत नाही, कोपऱ्यात बसतो. कोंबड्या त्याला बुजल्यात, अंडी बंद. पद्मजाबाई म्हणाल्या, "कोंबड्यांनीही संप केला का रे?"

वहिनी जेवत नाही. पान वाढून घेते, बसते, उठते. शेजारच्या वनमालाकाकींना सांगत होती, "राखणदार रुसलो, काकी. आता ह्यांचा काय झाला असात?"

मी भिंतीआड. पुढे होऊन बोलायचं होतं — रुसला असेल तर माझ्यावर, दादावर कशाला! नाही गेलो पुढे. तोंडात अजून तोच रस्सा.

१९ फेब्रुवारी

आज सांगणारच होतो. समोर बसलो, तोंड उघडलं. म्हणालो, "वहिनी, मीठ आहे का?"

२० फेब्रुवारी, रविवार

पिशवी भरली. नाशिकला एक दोस्त आहे. आजवर सगळं असंच संपवलंय — पळालो की संपलं. मग कोंबड्या कलकलल्या, पाणी घालायचं राहिलं होतं. पाणी घातलं. पिशवी रिकामी केली. उद्या सांगतो. देवाशपथ!

२१ फेब्रुवारी, सोमवार

दादा आला! खांद्यावर ट्रंक, दाढी वाढलेली, अर्धा झालाय. तापाने कुठल्याशा परक्या बंदरातल्या इस्पितळात पडून होता. आल्या आल्या खुराड्यापाशी — "ह्योच काय गो राखणदाराच्या नावाचो?"

वहिनीने त्याची ट्रंक उतरवून घेतली. मला आत ओढलं. "दोरो माझो, कोंबडो माझो नाय. पयल्याच दिवशी वळाखलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोललंय असतंय तर तू पळान गेलो असतस. एक घराभायर होतो, तो पुरे नाय? जा, आता तूच सांग त्याका."

दादा मोरीवर पाय धुतोय. आणि मी इथे लिहीत बसलोय. जातो.