गुरुवारची टर्की

रवि. १ नोव्हें. १९८७
काका-काकूंकडे जेवायला, डब्लिनला (अमेरिकेतल्याच). काकूने आमटी वाढता वाढता विषय काढला. शॉमबर्गचं स्थळ, गाडीने सहा तासांवर. नाव मिलिंद, वय २९, पुलांची डिझाइन्स करतो, मूळचे कराडचे. आई सप्टेंबरपासून त्याच्याकडे आली आहे. सुट्टी सगळ्यांना एकदमच, म्हणून थँक्सगिव्हिंगला दुपारी जेवायला येतील.

"पोहे कर छान. तुझ्या हातचे."

पोहे नाही म्हटलं. बशी घेऊन बाहेर यायचं, हे साताऱ्यात दोनदा केलं आहे. पुरे. सण टर्कीचा आहे, टर्की भाजीन.

"कधी भाजलीस तू टर्की?"

कधीच नाही. म्हणूनच. जे इथे कुणालाच येत नाही त्यात कुणी नावं ठेवू शकणार नाही. काका हसले, काकू नाही. भाजायची तिच्याच ओव्हनमध्ये, माझ्याकडच्याचं दार नीट लागत नाही.

दुसरं: प्लेनो. परवा, शुक्रवारी, बॉसने विचारलं. टेक्ससमध्ये नवी टेस्ट लॅब, फेब्रु.पासून. उभी करायची मी, चालवायची मी. उत्तर महिनाअखेर. मला जायचं आहे. काकूला सांगितलं तर म्हणाली, "हे ठरेपर्यंत तोंडातून काढू नकोस हं. मुलगी आधीच टेक्ससला निघाली म्हटल्यावर कोण बसेल जेवायला?"
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

रवि. ८ नोव्हें.
चाचणी १. टर्की १० पौंड. सवयीने कातडी सोलून काढली. साताऱ्याला कोंबडी घरात यायची ती सोललेलीच, त्यामुळे विचारसुद्धा केला नाही. अर्धा तास गेला, पंखांपाशी सुरी चालेना. मीठ, मिरी, ३२५ फॅ., साडेतीन तास. लॅबमधून (विचारून) दोन थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) आणली होती, एक छातीत, एक तंगडीच्या सांध्यात.

निकाल: छाती १९०. रंग पुठ्ठ्याचा, चवही. काकांनी दोन तुकडे खाल्ले आणि तीन ग्लास पाणी प्यायले. "प्रोटीन चांगलं असतं," म्हणाले.

एक शोध लागला. काकूच्या ओव्हनचा काटा ३२५ वर असतो तेव्हा आत ३५० असतं. म्हणजे इतकी वर्षं केक करपले ते ओव्हनमुळे. तिला सांगितलं तर म्हणाली, "यांना सांग. हे मला बोलत होते."

सोम. ९ नोव्हें.
डोनाला सांगितलं. (आमच्या लॅबची टेक्निशियन, पन्नाशीची. चार मुलं वाढवली आहेत, पंचवीस टर्क्या भाजल्या आहेत.) ती हसून हसून खुर्चीत बसली. "म्हणजे तू आधी तिचा कोट काढून घेतलास आणि मग भट्टीत बसवलीस?"

मग कागदावर लिहून दिलं. कातडी हवीच, तिची चरबी वितळते म्हणून खालचं मांस ओलं राहतं. कातडीखाली लोणी. छातीवर फॉइल, ती शेवटच्या तासाला काढायची. बाहेर आल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही. "सगळे तिथेच चुकतात. नवरे सुरी घेऊन उभे असतात."

बुध. ११ नोव्हें.
संध्याकाळी मिलिंदचा (यापुढे मि.) फोन. पहिलाच. मला वाटलं आवडीनिवडी विचारेल.
"टर्की करणार म्हणे तुम्ही. खरं?"
"हो."
"आधी केली आहे?"
"एकदा. वाईट झाली."
"किती वाईट?"
सांगितलं, छाती १९०. तो हसला नाही. म्हणाला, "आणि तेव्हा तंगडी किती होती?"

हा योग्य प्रश्न आहे. तंगडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते, सगळी अडचण तीच. बारा मिनिटं त्यावर बोललो. ठेवायच्या आधी म्हणाला, "एक सांगायला हवं. त्याच संध्याकाळी आम्ही क्लीव्हलंडला जाणार आहोत. तिथेही एक, म्हणजे, असंच. आईने एका फेरीत दोन ठरवलं आहे. तुम्हाला मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..."

"ठीक आहे," मी म्हटलं. ठीकच आहे. मीही असंच आखलं असतं.

पण त्याने न विचारता सांगितलं आणि मी प्लेनोबद्दल गप्प बसले. हे बरोबर झालं नाही.

रवि. १५ नोव्हें.
चाचणी २. फक्त छातीचा भाग, कातडीसकट. काल मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवला होता. आई मटणाला चोळते तसंच, फक्त हळद नाही. काकू हळदीचा डबा घेऊन मागे उभी. "चिमूटभर टाक गं, रंग येईल." रंग भाजूनच यायला हवा. नको म्हटलं.

१६२ ला बाहेर काढला, वीस मिनिटांत आपोआप १६८ वर गेला. कापल्यावर रस निघाला. कातडी कुरकुरीत, तांबूस सोनेरी. काकांनी ताट पुन्हा पुढे केलं.

मला खूप बरं वाटलं. गरजेपेक्षा जास्त.

रवि. २२ नोव्हें.
१४ पौंडांची आणली, गोठलेली. काकूच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, वितळायला चार दिवस. काकूची दुधाची भांडी बेघर.

मि.चा फोन. आता तू-मी झालं आहे, कधी झालं कळलं नाही. म्हटलं, आमचं घड्याळ तुमच्यापुढे एक तास आहे, ते धरून नीघ. "हो, हो, माहीत आहे." हा 'हो हो' मी ओळखते. त्याला एक वाजता ये सांगितलं, टर्की दोनची धरली.

"आणखी काही आहे का सांगण्यासारखं?" त्याने विचारलं.
"नाही."
काकूच्या स्वयंपाकघरातून बोलत होते, काकू समोर होती. हे कारण नाही, माहिती आहे.

बुध. २५ नोव्हें.
मीठ चोळलं. आत, बाहेर, कातडीखाली. उद्या. काकूने तीनदा विचारलं, कुठली साडी. साडी नाही, ॲप्रन.

गुरु. २६ नोव्हें., संध्याकाळी
क्रमाने लिहिते.

९.४५ टर्की आत. काटा ३०० वर (म्हणजे ३२५). १२.१५ फॉइल काढली. १.१० छाती १६३, तंगडी १८२. तंगड्या बाहेरच्या बाजूला आणि छाती झाकलेली, त्यामुळे जमलं. ओव्हन बंद केला, दार किलकिलं ठेवलं. रंग जसा हवा तसा.

१.५० ला ते आले. एक तास विसरला होता, अर्थात. मि. उंच, जरा वाकून चालतो. आई ठेंगणी, इरकली साडीवर मुलाचं बर्फातलं जाकीट, हातात कापडी पिशवी. दारातच थांबल्या.

"काय शिजतंय?"
काकूने मोठ्या तोऱ्यात सांगितलं.
"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला."

थँक्सगिव्हिंग दरवर्षी गुरुवारीच येतो, हे आम्हा चौघांना झोपेतही सांगता आलं असतं. आमच्याकडेही गुरुवारी कधी मटण शिजलं नाही. पण हे दोन गुरुवार एकच, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी ओव्हनचा काटा तपासला, घड्याळं तपासली, वार तपासला नाही.

"आई, तू बोलली का नाहीस?" मि.
"तू सांगितलंस का मला, टर्की म्हणून? म्हणालास, जेवायला बोलावलंय. मला वाटलं, पोहे करतील, मी नुसता चहा घेईन."

काकू माझ्याकडे बघायचं टाळत होती. साबुदाणा भिजवलेला नव्हता. तेवढ्यात मि.च्या आईंचं लक्ष ओट्याकडे गेलं. "ही काय, रताळी आहेत की! मला ही चालतात." अमेरिकन रताळी, लोण्यात भाजलेली. सुटलो.

मग त्या सरळ आत आल्या, ओव्हनचं दार स्वतः उघडलं आणि वाकून बघितलं. बराच वेळ.
"रंग काय आलाय गं. मी खाते हो सगळं. कराडात माझ्या हातचं मटण खायला माणसं येतात. पण आज नाही." मग माझ्याकडे वळून, "उद्यापर्यंत राहील का? कोरडी नाही ना पडणार?"

मी खरंच विचार केला. छाती हाडावरून कापायची नाही. पाठीची हाडं उकळून त्यांचं पाणी करायचं, उद्या त्यात झाकून मंद गरम करायची.
"नाही पडणार," म्हटलं.
"मग राहतो आम्ही."
"आई, क्लीव्हलंडला ते लोक..."
"फोन लाव त्यांना. म्हणावं, आईचा उपास आहे."

काकू सिंककडे तोंड करून उभी राहिली. हसण्याने खांदे हलत होते.

बाकीच्यांनी जेवून घेतलं. त्यासाठी एक तंगडी आणि छातीची एकच बाजू कापली. मि. म्हणाला, "छाती मऊ आहे, मीठ आतपर्यंत गेलंय. तंगडी सांध्याजवळ किंचित कच्ची वाटते." १८२ होती म्हटलं. "मग शिजलेली आहे," म्हणाला आणि ती खाल्ली.

संध्याकाळी मि.च्या आईंनी काकूच्या स्टीलच्या तांब्यावर नारळ ठेवून घट मांडला. अंगणातल्या मेपलच्या झाडाला एक पान शिल्लक नाही, म्हणून मनीप्लँटची पाच पानं. पोथी त्यांच्या पिशवीत होती. काकूने वाचली. मी शेवटपर्यंत बसले.

शुक्र. २७ नोव्हें.
मि.च्या आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि हाताने खाल्लं. पहिला घास. दुसरा.
"ओली आहे," म्हणाल्या. "खरं सांगू? मला वाटलं नव्हतं."

मग राहिलेल्या तंगडीचा रस्सा करायला घेतला. मी कांदा चिरत होते.
"एवढं सगळं मोजतेस. आमच्या मिलिंदचं काय मोजलंस?"
"अजून काही नाही."
"पसारा फार करतो. पण खोटं बोलत नाही. दोन्ही सांगितलेलं बरं."

सुरी ठेवली. मि. कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर चालला होता, मागोमाग गेले, कोट न घालता. सांगून टाकलं. प्लेनो, फेब्रुवारी, लॅब माझी, मला जायचं आहे.

"कधीपासून माहीत होतं?"
"तीस ऑक्टोबर."
"म्हणजे माझ्या पहिल्या फोनच्या आधी."
"हो."
"आणि मी दोन-दोनदा विचारतोय, आणखी काही आहे का."
"एकदा," मी म्हटलं. "एकदाच विचारलंस."

तो हसला की नुसता श्वास सोडला, नक्की सांगता येणार नाही. थंडी होती, वाफ दिसली. मग म्हणाला, "मला राग आलाय. टेक्ससचा नाही."
"कळलं."
"आत जा, गारठशील."

रस्सा सगळ्यांनी खाल्ला. मी आणि मि. सोडून सगळे बोलत होते. तीन वाजता निघाले. क्लीव्हलंड की घर, मी विचारलं नाही. हायवे दोन्हीकडचा एकाच कोपऱ्यावरून लागतो, त्यामुळे गाडी कुठे वळली यावरूनही काही समजलं नाही.

काकूला सांगितलं की मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "बरं केलंस. नाहीतर ती गोष्ट घेऊन संसार करत बसली असतीस." आणि ताट घासायला उठले. ते कधी उठत नाहीत.

शनि. २८ नोव्हें.
फोन नाही. डोनाने घरून विचारायला फोन केला, मोइस्ट झाली का? दोन दिवस मोइस्ट राहिली म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

रवि. २९ नोव्हें.
फोन नाही. कपाट आवरलं.

सोम. ३० नोव्हें.
सकाळी प्लेनोच्या कागदावर सही करून बॉसला दिला. कुणाच्या फोनसाठी थांबायचं नाही, हे काल ठरवलं होतं.

साडेसहाला मि.
"मी सही केली," हेच आधी सांगितलं. या वेळी उशीर नको.
"करशील असं वाटलंच होतं." मग, "क्लीव्हलंडला गेलो होतो. चहा प्यायलो. चांगली माणसं आहेत. आईने त्यांनाच तुझी टर्की वर्णन करून सांगितली, अर्धा तास. मला कुठे बघावं कळेना."
मला हसू आलं. ऐकू गेलं असणार.
"राग आहे अजून?" विचारलं.
"निम्मा."
"निम्मा म्हणजे उतरतोय की तिथेच थांबलाय?"
"उतरतोय. हळू."
मागून आईंचा आवाज, हाडं किती वेळ उकळली विचार. दोन तास, सांगितलं.
मग म्हणाला, "लॅबची जागा बघायला जाशील ना एकदा? जानेवारीत?"
"आधीच. बारा डिसेंबरला."
"मी येऊ? इथून सरळ डॅलसला, प्लेनोसाठी विमान तिथेच उतरतं ना. काही ठरवायला नाही. गाव कसं आहे ते बघू."
"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर आठवलं. त्याने फक्त महिना विचारला होता. तारखेपाठोपाठ (वर लिहायचं राहिलं) विमानाची वेळही मीच सांगितली होती: शनिवार, सकाळी ९.४०, डॅलसला पोचतं ११.३०, तिथल्या घड्याळाप्रमाणे.