गार्नेटमधल्या भेगा

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. नारायण पेठेत तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर राहते, शाळेत भूगोल शिकवते. भूशास्त्र तुमच्यामुळे सुटलं, हे मी येईल-जाईल त्याला सांगत आले आहे.

एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल. लडाखहून आणलेला दगड मी काचेवर पावडर टाकून तीन दिवस घासला होता, उजेड आरपार जाईल इतका पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली गार्नेटचा फिकट गुलाबी स्फटिक दिसत होता, त्याच्या पोटात क्वार्ट्झचा कण, आणि कणापासून चहूकडे फुटलेल्या भेगा. शंभरेक किलोमीटर खाली दाबला गेलेला दगड वर येतो तेव्हा दाब सुटतो, आतला कण फुगतो आणि गार्नेट तडकतं. मी जर्नलमध्ये चित्र काढून खाली लिहिलं, हा दगड फार खोल जाऊन परत आला असावा. तुम्ही ते वर्गासमोर वाचून दाखवलंत. "अहो बाई, पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली गेली की गेली. हा काय स्वारगेटची परतीची गाडी पकडून आला?" वर्ग खिदळला. "हात जड आहे आपला, घासताना पडल्यात भेगा. सही हवी असेल तर खोडा." मी चित्रासकट खोडलं.

परवा बुधवार पेठेतल्या दुकानात एक पुस्तक चाळलं, तर त्यात माझंच चित्र, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. हलका खडक जड प्लेटबरोबर खाली ओढला जातो आणि सुटला की वर येतो, पोहायला शिकताना पाठीला बांधलेला भोपळा दाबून सोडावा तसा. दुकानात उभ्या उभ्या मी तुम्हाला शिव्या घातल्या. तुमची ती खवचट जीभ मी माफ केलेली नाही, करणारही नाही.

हे पत्र जर्नलमध्येच राहणार, म्हणून लिहिते. वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. स्लाइड पुन्हा लावून बराच वेळ पाहिलीत, मग चष्मा काढून विचारलंत, "खरं सांगा, भेगा घासण्याआधीच्या आहेत का? असतील तर चित्र परत काढा, मी सही करतो." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पुन्हा त्या वर्गासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. "घासतानाच पडल्या, सर," मी म्हणाले. त्याच दगडाची दुसरी स्लाइड तेव्हा माझ्या पिशवीत होती, आणि तिच्यातही भेगा फक्त क्वार्ट्झच्या कणापासूनच फुटलेल्या होत्या, बाकी गार्नेट अखंड होतं.