काही न करण्याची योजना

१ मार्च
अनुदान मंजूर! ओढ्याकाठचं शेत पाच वर्षं पडीक ठेवायचं. नांगरणी नाही, फवारणी नाही, गवताला हात लावायचा नाही. पक्षी येऊन घरटी करतील आणि सरकार मला पैसे देईल. म्हणजे काहीही न करण्याचे पैसे. या कामाला माझ्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नाही.

सौ.ला विश्वास नाही. म्हणाली, तुम्हाला स्वस्थ बसवत नाही. पहिल्या तपासणीत नापास झालात तर शेत माझ्या भावाला द्यायचं. बेधडक कबूल केलं. मेहुणा एक नंबरचा ऐतखाऊ. त्याच्या हाती माझं शेत? मेलो तरी नाही.

९ मार्च, सकाळी
बांधावर खुर्ची टाकून काहीही न करता बसलो. वीस मिनिटं. जमतंय.
एक काटेरी झुडूप उपटलं. ते धरायचं नाही. जवळजवळ बांधावरच होतं.

२ एप्रिल
गवत गुडघ्याएवढं. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, तब्येत बरी आहे ना? बावीस वर्षं माझं शेत बघून जळणारा माणूस! त्याला सगळी योजना समजावली. त्याने फार मायेने मान हलवली. डोकंच फिरलं.

२० एप्रिल
गवत कमरेला. टपालवाला विचारत होता, शेत विकलं का? रस्त्याच्या बाजूला बोर्ड लावला: 'हे मुद्दाम केले आहे.'

११ मे
तितर! मधोमध घरटं आहे. माझ्या मॅनेजमेंटचं यश.

१२ मे
पत्र आलं. अधिकारी बाई सोमवारी तपासणीला येणार. पण एवढ्या गवतात त्यांना घरटं दिसणार कसं?

१५ मे, रविवार, सकाळी ७
नियमात 'गवत कापू नये' असं आहे. पायवाटेबद्दल चकार शब्द नाही. बाईंसाठी एक अरुंद वाट काढतो. शेतकऱ्याच्या शेतात पाहुण्याने अडखळायचं म्हणजे आपल्यालाच कमीपणा.

दुपारी १२
वाट वाकडी झाली. सरळ करताना रुंद झाली. मग दोन्ही बाजू सारख्या दिसेनात.

संध्याकाळी ६
सगळं शेत एका उंचीत. इतकं देखणं कधीच दिसलं नव्हतं. घरट्याभोवती तेवढा गवताचा गोल ठेवलाय, म्हणजे शोधाशोध नको. सौ. बाहेर आली, बघितलं, तशीच आत गेली. बहुतेक भारावली.

१६ मे
बाई बांधावरच थांबल्या. मीच पुढे होऊन गोल दाखवला. अंडी होती, तितर नव्हते. म्हणाल्या, आता ते परत यायचे नाहीत. कापायला किती वेळ लागला? मी छाती काढून सांगितलं, एकच दिवस. त्यांनी ते लिहून घेतलं.

४ जून
अनुदान रद्द. शेत मेहुण्याकडे. महिनाभरात पळून जाईल. त्याला राबायची सवय नाही.

२७ मे (पुढचं वर्ष, नवी वही)
सौ.ने आज सांगितलं. मेहुण्याने त्याच योजनेत अर्ज केला होता. वर्षभर शेतात पाऊल टाकलं नाही. तपासणीच्या दिवशी शेत नक्की कुठलं, हे त्याने बाईंनाच विचारलं. आत तितराची सात पिल्लं निघाली. बाईंनी शेरा दिला: 'आदर्श व्यवस्थापन.'

वाईट वाटलं. अगदी मनापासून. अंडी माझ्या शेतात गार पडली होती, ते आठवलं.

संध्याकाळी सौ.बरोबर बांधावर गेलो. पिल्लं आईमागे तुरुतुरु चालली होती. एक मागे पडत होतं. त्याला नुसतं पुढे सरकवावं म्हणून वाकलो, तर सौ.ने मागून शर्ट धरला.